पाय मोडलाय, तर दिव्यांगांच्या राखीव जागेत गाडी लावावी का?

आर्वीकडच्या एका शेतकरी भाऊंनी विचारलंय. पोळ्याच्या आधी त्यांची मोटरसायकल चिखलात घसरली, उजव्या पायाच्या नडगीचं हाड मोडलं, ऑपरेशन करून आत रॉड टाकला. डॉक्टरांनी अजून पाय टेकवू दिलेला नाही, वॉकरवर चालणं चालू आहे. धाकटा भाऊ चारचाकीतून बँकेत, बाजार समितीत, दवाखान्यात नेतो-आणतो. बँकेच्या रॅम्पला लागून व्हीलचेअरचं चित्र काढलेली पिवळ्या पट्ट्यांची जागा आहे, ती बहुतेक वेळा रिकामीच असते, म्हणून तिथे गाडी लावली. तर कोणीतरी सुनावलं, "हे जागा तुमच्यासाठी नाई जी." भाऊंना ते लागलं. मी काय हौसेनं वॉकर घेऊन फिरून रायलो का, असं ते म्हणतात. त्यात अमेरिकेतला भाचा सांगतो की तिकडे तात्पुरत्या दुखापतीलाही पार्किंगचं कार्ड मिळतं. मग आपलं चुकलं का, हा त्यांचा प्रश्न.

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे चार-सहा महिन्यांत बरी होऊन जाणारी माणसं येतात, तशी जन्मभर कॅलिपर (पायाला बांधायचा आधाराचा सांगाडा), कुबडी नाहीतर तीनचाकी वापरणारीही येतात. दोघंही एकाच बाकावर नंबराची वाट बघत बसतात, त्यामुळे या भांडणाच्या दोन्ही बाजू माझ्या कानावर पडत असतात.

भाऊ, तुमचं आज जे चित्र आहे, म्हणजे गाडी दुसरा माणूस चालवतो आणि तुम्ही फक्त बसून येता, त्यात माझं उत्तर असं: त्या जागेत गाडी लावून ठेवू नका. दारापर्यंत न्या, निवांत उतरा, आणि मग भावाला गाडी लांब नेऊन लावू द्या. परिस्थिती बदलली तर उत्तरही थोडं बदलतं, ते पुढे सांगतो.

आधी भाच्याचं बघू, कारण त्याचं म्हणणं खोटं नाही. अमेरिकेत तात्पुरत्या अडचणीसाठी लाल रंगाचं वेगळं कार्ड असतं. डॉक्टरांनी लिहून दिलं की ते मिळतं, बहुतेक राज्यांत जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी. ते आरशाला टांगलं की राखीव जागेवर गाडी लावायचा हक्कच मिळतो. आपल्याकडे देशभर चालेल असं पार्किंगचं कार्ड नाही. आपला कायदा म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, जो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व मोजलंय, पण व्याख्येतच अट आहे की ते दीर्घकाळचं हवं. बऱ्याचशा सवलतींना वर किमान ४० टक्क्यांची अट. नडगीचं साधं मोडलेलं हाड, जे जुळणार आहे, ते त्यात बसत नाही. म्हणजे तुम्हाला ज्यानं टोकलं त्याचं बोलणं कायद्याला धरून होतं. बोलायची पद्धत बरी नसेल, तो भाग वेगळा.

यातूनच निघणारी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण आमच्या भागात हे चालतं. व्हीलचेअरचा स्टिकर दुकानातून आणून काचेला चिकटवल्यानं काही होत नाही, त्याला कायद्यात किंमत नाही. आणि काकाच्या किंवा शेजाऱ्याच्या यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची, झेरॉक्स डॅशबोर्डवर ठेवून फिरणं तर मुळीच करू नका. ज्यांचं दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त आहे त्यांच्यासाठीचा लाभ फसवणुकीनं घेतला किंवा घ्यायचा प्रयत्न केला, तर त्याच कायद्याच्या कलम ९१ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितलंय. तुम्ही असलं काही केलेलं नाही, हे मला कळतं. पण भाऊबंद असले सल्ले फार देतात.

आता खऱ्या मुद्द्यावर येऊ. "मला त्या जागेचा हक्क आहे का" हे विचारण्यापेक्षा, माझ्या पायाला त्या जागेतून नेमकं काय हवंय, हे बघा. वॉकरवरच्या माणसाला तीन गोष्टी लागतात: चालायचं अंतर कमी, दरवाजा पुरता उघडायला मोकळी बाजू, आणि पाय-वॉकर ठेवायला सपाट जमीन. या तिन्ही गोष्टी उतरतानाच्या आणि चढतानाच्या चार-पाच मिनिटांपुरत्या लागतात. तुम्ही आत टोकन घेऊन बसलात की मधला पाऊण तास त्या जागेचा उपयोग तुम्हाला नाही, फक्त तुमच्या गाडीला आहे. आणि गाडीचा पाय काही मोडलेला नाही.

ज्यांच्यासाठी ती जागा आखली त्यांचं तसं नसतं. आपल्याकडे दिव्यांग माणूस चारचाकीतून फार कमी वेळा येतो. तो येतो मागे जोडचाकं लावलेल्या स्कूटीवर, नाहीतर हातानं पायडल मारायच्या तीनचाकीवर, आणि बहुतेक वेळा एकटा. त्या स्कूटीची मागची चाकं दोन्ही बाजूंना बाहेर निघालेली असतात, त्यामुळे दोन मोटरसायकलींच्या फटीत ती शिरत नाही. तुम्ही-आम्ही गाडी अडकली तर पाय टेकवून मागे रेटतो. पोलिओनं दोन्ही पाय गेलेल्या माणसाला ते करता येत नाही. कोणी मागे ओढून दिली तरच गाडी निघते. उतरायचं तर आधी पुढच्या पायदानीतल्या कुबड्या काढायच्या, त्या जमिनीवर रोवायच्या, कॅलिपरचं गुडघ्याचं कुलूप बसवायचं, मग अंग उचलायचं. याला बाजूला हातभर नव्हे, चांगली तीन-चार फूट मोकळी जमीन लागते. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक मानकांत अशा जागेची रुंदी ३.६ मीटर धरलीय, साध्या गाडीला अडीच मीटर पुरतात. ते वाढीव अंतर, म्हणजे बाजूचे तिरपे पट्टे, उतरण्यासाठीच आहेत. तिथे मोटरसायकल घुसवून "मी तर जागा सोडून लावली" म्हणणारे बघितले की मला हसावं की चिडावं कळत नाही.

अशा माणसाला जागा अडलेली दिसली की काय होतं, तेही सांगतो. तो गाडीवरच बसून राहतो. हॉर्न वाजवतो, आत जाणाऱ्या कोणाला तरी हाक मारतो, "भाऊ, वॉचमनले सांगता का जरा?" उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात असताना त्या पत्र्यावर बसून राहणं काय असतं, याचा अंदाज करा. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा तो येत नाही. आणि त्याला पोराला पाठवून भागवताही येत नाही. संजय गांधी निराधारचे पैसे खात्यात आले की काढायला अंगठा त्याचाच लागतो. तेव्हा "बहुतेक वेळा रिकामीच असते" हे जे तुम्ही लिहिलंय, त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

सगळीकडे हाच नियम चालतो असं नाही. पाटी वाचा. "फक्त दिव्यांगांसाठी" लिहिलं असेल तर विषय संपला. "ज्येष्ठ नागरिक व रुग्णांसाठी" असेल, आणि खासगी हाडांच्या दवाखान्यात बऱ्याचदा तसंच असतं, तर ती जागा तुमच्यासाठीच आहे, संकोच करू नका. मंगल कार्यालयात, सभागृहात, खासगी आवारात जागा मालकाची असते, तिथे व्यवस्थापकाला किंवा गेटवरच्या माणसाला आधी विचारा. त्यानं हो म्हटलं आणि अशा दोन-तीन जागा मोकळ्या असतील, तर एक वापरायला हरकत वाटत नाही. फक्त चालवणारा गाडीतच किंवा गाडीपाशी थांबावा, म्हणजे कोणी आलं तर लगेच काढता येईल. सरकारी दवाखान्यात मात्र १०८ आणि १०२ च्या रुग्णवाहिकांच्या जागेत अर्ध्या मिनिटासाठीही नको. आणि रॅम्पचं तोंड कुठेच अडवू नका. रंग नसला, पाटी नसली तरी नको. आपल्या तालुक्याच्या गावांत अर्ध्याहून जास्त ठिकाणी मुळात राखीव जागाच नसते. रॅम्प हीच काय ती सोय असते, आणि तिच्याच तोंडाशी मोटरसायकलींची रांग लागते.

तुम्हाला ज्यानं हटकलं त्याच्याबद्दलही थोडं. अशा वेळी दुखरा पाय दाखवत बसू नका, वादही घालू नका. "उतरून झालं की काढतोच" एवढं पुरतं. पण उद्या तुम्ही बरे झाल्यावर तुम्हालाही हा मोह होईल की अमुक माणूस चांगला धडधाकट दिसतो आणि त्या जागेवर गाडी लावतो, त्याला विचारावं. तिथे सांभाळा. विदर्भात तर जास्तच, कारण आपल्याकडे सिकलसेल आहे. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, गोंदिया या पट्ट्यात, आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या वस्त्यांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. २०१६ च्या कायद्यानं सिकलसेल त्या २१ प्रकारांत घातला, १९९५ च्या जुन्या कायद्यात तो नव्हता. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. खुब्याच्या सांध्यातल्या हाडाच्या गोलाला रक्त कमी पडलं की तो गोल आतून मरतो आणि हळूहळू खचतो. पंचविशीतला पोरगा, अंगावर कुठे प्लास्टर नाही, हातात काठी नाही, पण शंभर पावलं चालला की जांघेत असा चमका येतो की भिंत धरून उभा राहतो. माझ्याकडे असे रुग्ण येतात. बसमध्ये दिव्यांगांच्या सीटवर बसले की कंडक्टरपासून शेजारच्या बाईपर्यंत सगळे कार्ड मागतात, असं ते सांगतात. मग कार्ड खिशात असूनही काही जण उभ्यानं प्रवास करणं पत्करतात. कपड्याखाली जयपूर फूट, म्हणजे कृत्रिम पाय, असलेल्या माणसाचीही हीच गत. डोळ्यांनी बघून ठरवायची ही गोष्ट नाही.

आता तुमच्या कामाचं, म्हणजे दारापाशी उतरायचं कसं. भावाला सांगा, गाडी रॅम्पच्या तोंडापासून चार हात पुढे घे, म्हणजे तुम्ही उतरेपर्यंत दुसऱ्याचा रस्ता बंद होत नाही. डावी बाजू, म्हणजे तुमची उतरायची बाजू, पायरीला किंवा नालीला चिकटवू नये. दरवाजा पुरता उघडून पुढे वॉकर मावला पाहिजे. घरून निघतानाच पुढची सीट शक्य तितकी मागे सरकवून घ्या. उतरताना तुमचा उजवा पाय आतल्या बाजूला राहतो, तो एकटा ओढत बाहेर काढू नका. आधी बूड सीटवरच वळवा, दोन्ही पाय मिळून बाहेर आणा, दुखरा पाय भावानं टाचेखाली हात घालून धरला तर उत्तम. मग सीटच्या कडेला सरका, सीटवर हात दाबून चांगल्या पायावर उभे व्हा, आणि त्यानंतर वॉकर धरा. वॉकरला किंवा दरवाज्याला लोंबकळून उठायची सवय सगळ्यांना असते. दरवाजा हलतो, वॉकर उलटतो, माणूस त्याच पायावर पडतो.

वॉकरच्या चारही पायांची रबरी बुचं बघा. घासून गुळगुळीत झाली असतील तर बदला, औषधाच्या दुकानात किंवा सर्जिकलवाल्याकडे मिळतात. आणि आपली काळी माती! पावसात घराच्या अंगणातून गाडीपर्यंत आलात की बुचांना मातीचा लपका बसतो, मग बँकेच्या फरशीवर वॉकर सरसर सरकतो. गाडीत एक जुनं फडकं ठेवा, उतरल्यावर आधी बुचं पुसा. हे मी पावसाळ्यात प्रत्येकाला सांगतो.

रॅम्पवर भरवसा ठेवण्याआधी त्याचा चढ बघा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, असा रॅम्प असावा लागतो. आपल्याकडचे कित्येक रॅम्प गच्चीला लावलेल्या शिडीइतके उभे असतात. असल्या उतारावरून वॉकरनं खाली येणं हे दोन ठेंगण्या पायऱ्यांपेक्षा धोक्याचं. पायऱ्याच घ्यायच्या असतील तर वॉकर भावाकडे द्या, एका हातानं कठडा आणि दुसऱ्या बगलेत कुबडी. चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबडी आणि दुखरा पाय आधी. पण हे फिजिओथेरपिस्टसमोर एकदा करून बघितल्याशिवाय परस्पर बँकेत जाऊन करू नका. एक अडचण उरते: भाऊ गाडी लावायला गेला की तुम्ही दारात एकटे उभे. वॉचमनकडे खुर्ची मागा, नाहीतर गाडीत प्लास्टिकचा स्टूल ठेवा. मला तरी अजून खुर्ची नाही म्हणणारा वॉचमन भेटलेला नाही.

त्याहून बरं म्हणजे शक्य त्या फेऱ्याच टाळा. कापूस-सोयाबीनची गाडी घेऊन बाजार समितीत भाऊ जाऊ शकतो, तुम्ही वजनकाट्यापाशी उभं राहायची गरज नाही. शेताची खरेदी-विक्री अडली असेल आणि दुय्यम निबंधकाकडे जाणं जमत नसेल, तर नोंदणी कायदा १९०८ मध्येच अंथरुणाला खिळलेल्या किंवा शरीरानं असमर्थ माणसाच्या घरी येऊन नोंदणी करायची सोय आहे. त्याला गृहभेट म्हणतात, अर्ज आणि डॉक्टरांचं पत्र लागतं. बँकेतही शाखाधिकाऱ्याला फोन करून सांगितलं तर सही घ्यायला कधीकधी माणूस गाडीपर्यंत पाठवतात, निदान गर्दी नसलेली वेळ तरी सांगतात.

आता परिस्थिती बदलली तर काय, ते. समजा पुढच्या महिन्यात तुम्ही म्हणालात की मी स्वतःच गाडी चालवत जातो, सोबत कोणी नाही, मग लांब लावून वॉकरवर कसा येऊ? तर माझं पहिलं म्हणणं की चालवूच नका. मोडलेला पाय उजवा आहे, म्हणजे ब्रेकचा. पूर्ण भार द्यायला लागल्यानंतरही ब्रेकवर झटकन पाय मारायची चपळाई परत यायला साधारण सहा आठवडे जातात. घरच्या अंगणात चालता येतं म्हणजे समोर बैल आडवा आल्यावर गाडी थांबवता येते, असं नाही. डावा पाय मोडलेला आणि गाडी बिनक्लचची असेल, डॉक्टरांनी परवानगी दिली असेल, सोबत खरंच कोणी नसेल, तर तो पेच खरा आहे. तिथे मी सांगेन की आधी फोन करून विचारा, जागा एकाहून जास्त असतील तरच लावा, काम दहा मिनिटांत उरका आणि काचेवर मोठ्या अक्षरात मोबाइल नंबर ठेवा. याला हक्क म्हणू नका, सवलत म्हणा, आणि कोणी आलं तर अर्ध्या कामातून उठायची तयारी ठेवा. मोटरसायकलवर मागे बसून, पाय बाहेर काढून येत असाल तर पार्किंगचा प्रश्नच नाही, पण तसं येऊ नका. समोरून येणाऱ्या गाडीला तो पाय दिसत नाही.

आणि हाड जुळलंच नाही, नस कायमची दुखावली, गुडघा किंवा घोटा आखडून राहिला, असं झालं तर मग तुम्ही तात्पुरते जखमी राहत नाही. उपचार पूर्ण होऊन स्थिती स्थिरावल्यावर यूडीआयडीच्या संकेतस्थळावर अर्ज करा. जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात किंवा ठरवून दिलेल्या उपजिल्हा रुग्णालयात तपासणी होते, टक्केवारी ठरते. सुधारणा होण्याची शक्यता असेल तर मुदतीचं प्रमाणपत्रही देतात. तेव्हा त्या पिवळ्या जागेत गाडी लावायला कोणाला विचारायची गरज नाही, आणि कोणी बोललं तर ऐकून घ्यायचीही नाही.

तुमच्या एक्स-रेचं वर्णन बघता ती वेळ येईल असं वाटत नाही. सर्जननं पाय टेकवायला सांगितलं की उलट गाडी मुद्दाम थोडी लांब लावायला सांगा. त्या टप्प्यावर दारापर्यंतची चाल हाच तुमचा व्यायाम असतो, आणि भार पडल्यानं हाड जुळायलाही मदतच होते. संध्याकाळी घोट्याला थोडी सूज येईल, पाय उशीवर उंच ठेवला की उतरते. पण पोटरी एकाएकी टणक झाली, तिथे गरम लागून दुखायला लागलं किंवा छातीत दुखून धाप लागली, तर सकाळची वाट बघू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा. तिथे गाडी कुठे लावायची याचा विचार भावाला करू द्या.